पाच मजले की सोळा

वडिलांचे वर्ष झाले आणि घराला भांडायची मोकळीक मिळाली.

वर्षभर कोणी आवाज चढवला नव्हता. सईदवली गेले तेव्हा अंगणाच्या जागेचा विषय अर्धवट राहिला होता, आणि त्यांची विधवा, मुलांची ओयी म्हणजे आई, मुकर्रम-ओयी यांनी तो तिथेच थांबवला होता. "वर्षाचा पुलाव होईपर्यंत या घरात विटेची गोष्ट निघणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. पुलाव रविवारी पहाटे झाला. कोशतुत मोहल्ल्यातली आणि बाहेरची मिळून तीनशे चाळीस माणसे जेवून गेली. कढया घासून पालथ्या पडल्या. दहाच्या सुमारास द्राक्षाच्या मांडवाखाली, जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानाभोवती, सहा जण उरले.

थोरला हिकमत, वय चोपन्न, ताश्कंदमध्ये आतापर्यंत अकरा इमारती बांधलेला. त्याच्या पाठची मावलुदा, शाळेत गणित शिकवणारी, माहेरच्या बाबतीत बेरजेपेक्षा वजाबाकीकडे कल असलेली. धाकटा ओतबेक, रिवाजाप्रमाणे आईवडिलांच्या घरातच राहिलेला. त्याची बायको शाहिस्ता, घराची केलिन, म्हणजे सून, आणि पेशाने आर्किटेक्ट. स्वतः ओयी. आणि ओयींचे थोरले भाऊ, पोरांचे तोगा म्हणजे मामा, नबी-तोगा, वय ब्याऐंशी. या घरात वडीलधाऱ्याची दुवा झाल्याशिवाय कुठलाही निर्णय पक्का धरत नाहीत, म्हणून त्यांना थांबवून घेतले होते. त्यांना दुपारी चिलोनझोरला एका पाळण्याच्या जेवणाला जायचे होते आणि गाडी दारात उभी होती.

प्रश्न साधा होता. गल्लीतल्या चार अंगणवाल्या घरांच्या जागी हिकमत इमारत बांधणार होता. तिघा शेजाऱ्यांनी संमती दिली होती. कायद्याने चारही मालकांची सही लागते, आणि चौथी मालकीण ओयी होत्या. सहीचा कागद आणि त्यासोबत इमारतीचा नकाशा सोमवारी दुपारपर्यंत शहर कार्यालयात पोचला नाही, तर मुदत संपून सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होते. अडचण एवढीच होती की नकाशे दोन होते.

थोरला म्हणून आधी हिकमतने लॅपटॉप उघडला.

"ओयी, हे बघा."

पडद्यावर संध्याकाळ होती. सोळा मजल्यांची निळी काच, पायथ्याशी कारंजे, फाटकाशी पहारेकऱ्याची केबिन. कारंज्याजवळून एक गोरी बाई दोन कुत्र्यांना घेऊन चालली होती.

"ही कोण?" ओयींनी विचारले.

"कोणी नाही. चित्रातली माणसं असतात तशी."

"मग आपल्या गल्लीत काय करतेय?"

"राहतेय, ओयी. म्हणजे अशी माणसं राहायला येतील, असं दाखवायचं असतं."

"कुत्री घेऊन?"

"बाई अर्ध्या चड्डीत आहे," मावलुदा म्हणाली. "तोगा, तुम्ही इकडे बघू नका."

तोगा बघत नव्हतेच. पहाटे पाचपासून दोन ठिकाणचा पुलाव पोटात गेला होता, आणि लोडाला टेकून ते शांत झोपले होते.

हिकमतने वाहनतळ, सुपरमार्केट आणि तीन लिफ्ट समजावून सांगितल्या. तो चांगले सांगायचा. त्याच्या इमारतींना तडे गेलेले नव्हते, नळाला पाणी यायचे, आणि ज्याला जे कबूल केले ते तो बहुधा द्यायचा. सोळा हा आकडा मात्र त्याने लोखंड-सिमेंटच्या हिशोबातून काढलेला नव्हता. त्याची मुलगी ज्या घरात दिली होती त्या व्याह्यांनी युनुसोबोदला चौदा मजले बांधले होते. दर ईदला व्याही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "वरून तुमचं घर दिसतं हो. अगदी काडेपेटीएवढं." तीन ईद हिकमत हसला होता. चौथ्या ईदच्या आत त्याला सोळा मजल्यांचा पाया खणायचा होता.

"आणि ओयी, तुम्हाला नववा मजला," तो म्हणाला. "नऊ आपल्यात शुभ. पूर्वेचा कोपरा. सकाळी खिडकी उघडली की समोर चिमगानचे डोंगर."

मावलुदाने हातातला अक्रोड खाली ठेवला.

तिच्या दृष्टीने आजची बैठक इथे येण्याआधीच संपलेली होती. ऑगस्टमध्ये हिकमत तिच्या घरी आला होता, खरबूज घेऊन. ती आकांच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, बाजूने बोलली तर तिच्या मुलाला लग्नानंतर फ्लॅट मिळणार होता. पूर्वेचा कोपरा. डोंगर. ती आकांच्या बाजूने बोलायचे ठरवूनच आली होती, आणि बोललीही असती.

"आका, पूर्वेचे कोपरे नवव्या मजल्यावर किती आहेत?"

"म्हणजे?"

"इमारतीला कोपरे चार. पूर्वेकडचे दोन. त्यातल्या एकासमोर बँकेची इमारत आहे, तिथून बँकच दिसणार. उरला एक. तो मला ऑगस्टमध्ये दिला होतात."

"तुला असं दिलं नव्हतं. आपण बोललो होतो."

"खरबूज खाऊन बोललो होतो."

ओतबेक खोकला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले, कारण कौटुंबिक बैठकीत ओतबेकचा एवढाच सहभाग अपेक्षित असे. "मला वाटतं," तो चहाच्या पियाल्यात बघत म्हणाला, "तो कोपरा मला दिलाय. जूनमध्ये."

बायकोने त्याच्याकडे मान वळवली. "मला नाही सांगितलंत."

"तू दुसरा नकाशा काढत होतीस. म्हटलं, कशाला तुझं मन मोडा."

"वा," मावलुदा म्हणाली. "एक कोपरा, तीन धनी. वर्गातल्या पोरांना हे गणित घातलं तर पालक तक्रार करतील."

"अरे, कोपऱ्याचं बघू आपण," हिकमत म्हणाला. "आधी इमारत तर होऊ दे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं झालं हे."

"मारत कोणी नाहीये, आका. मोजतोय फक्त."

हिकमतला एवढे कळले की दहा मिनिटांपूर्वी त्याच्या बाजूला दोघे होते आणि आता कोणी नव्हते. तो अनुभवी होता. त्याने लॅपटॉप मिटला आणि उदारपणे म्हणाला, "बरं. आता आपल्या केलिनचंही बघू. तिनेही मेहनत केलीय."

शाहिस्ता त्या वेळी चहा ओतत होती. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला अर्धाच पियाला, म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावा आणि तिने पुन्हा उठावे. अकरा वर्षे ती एका मोठ्या कार्यालयात दुसऱ्यांच्या उंच इमारतींचे वाहनतळ आणि संडास काढत आली होती. आपली म्हणावी अशी ही पहिलीच इमारत होती, तीही कागदावर. आज ती नाकारली गेली तर सोमवारी कार्यालयात जाऊन पुन्हा संडास काढायचे होते, आणि वय अडतीस होते. किटली खाली ठेवून तिने हात पुसले आणि पाव, द्राक्षे बाजूला सारून दस्तरखानावर कागद पसरला.

"मागच्या बाजूला पाच मजले," ती म्हणाली, "गल्लीच्या बाजूला तीनच. म्हणजे समोरच्या घरांचं ऊन जात नाही. खाली सात दुकानं, प्रत्येकाचं दार थेट गल्लीत. मध्ये अंगण. गल्लीतून अंगणात यायची वाट दोन लग्नांच्या मांडवांएवढी रुंद. पाण्याचा पाट आहे तिथेच राहतो, तुतीची झाडंही. गाड्या मागे."

"पाचच का?" हिकमतने विचारले. "सहा का नाहीत? सात?"

"पाचव्यावरून हाक मारली तर खाली पोराला कळतं, आपली आई बोलावतेय. त्याच्या वर गेलं की नुसता आवाज येतो, कोणाचा ते कळत नाही."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, आका. मी नऊमजली इमारतीत वाढले. या वर्षी माहेरी गेले तेव्हा आईला एकेका मजल्यावरून हाका मारायला लावल्या."

"व्याही-विहिणींना आता जिने चढायला लावतात," हिकमत म्हणाला. मावलुदाला हसू आले. ते तिने भावासाठी आवरले नाही.

"आणि भिंत," शाहिस्ता म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा, खालच्या पट्टीतलाच होता. "मी या घरात आल्यापासून रोज पहाटे दारापुढची गल्ली झाडते. नऊ वर्षं. जिथं दार असतं तिथं कचरा नसतो, कारण दारातून कोणीतरी झाडू घेऊन बाहेर येतं. जिथं नुसती लांब भिंत असते तिथं अख्खा मोहल्ला कचरा टाकतो. तुमच्या इमारतीत वाहनतळाची भिंत गल्लीच्या बाजूला एकशे वीस पावलं आहे, आका. मी चालून बघितली."

"ती भिंत कोण झाडणार?" ओयींनी विचारले.

"कंपनी असते ओयी त्यासाठी," हिकमत म्हणाला. "माणसं येतात, यंत्र घेऊन."

"कुठून येतात?"

"कुठून म्हणजे? शहरातून."

"नाव काय त्यांचं?"

हिकमतला नाव माहीत नव्हते. ओयींनी मान हलवली आणि सुनेकडे वळल्या.

"तंदूर कुठे?"

"अंगणात, उत्तरेच्या कोपऱ्यात."

"थंडीत वारा उत्तरेचा. पाचव्या मजल्यावरचे कपडे काळे होतील."

शाहिस्ताने पेन्सिलने तंदुराभोवती गोल काढला. बरोबर होते. कार्यालयातल्या कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते. "दक्षिणेला नेते," ती म्हणाली.

"आणि मेल्यावर? हिकमत, तू सांग. नवव्या मजल्यावरून मला खाली कशी नेणार?"

"ओयी, असं काय बोलता."

"नेणार कशी?"

"मोठी लिफ्ट आहे ना. फर्निचरसाठी केलेली."

"म्हणजे मी कपाटांच्या लिफ्टमधून जाणार."

"माझ्यात जिन्याचं वळण रुंद आहे," शाहिस्ता म्हणाली. "चौघं ताबूत खांद्यावर घेऊन न वाकवता वळतात. ऑफिसातल्या चौघांना टेबल उचलायला लावून बघितलं."

"टेबल कुरकुरत नाही," ओयी म्हणाल्या. "माझे मुलगे कुरकुरतील."

एव्हाना मावलुदाने कागद स्वतःकडे ओढला होता. शाहिस्ताने चित्रात कुत्री घातली नव्हती. मोहल्लाच घातला होता. पहिल्या दुकानाच्या दारात हकीम न्हावी टॉवेल झटकत होता, पुढे सूर्यफुलाच्या बिया विकणारी तुर्सुनोय, तिच्यापुढे पिशव्या घेऊन येणारी एक रुंद बाई.

"ही मी?"

"हो, ओपा," शाहिस्ता नणंदेला म्हणाली.

"एवढी जाड?"

"कोट आहे तो."

"झाडांना तुती लागल्यात आणि मी कोटात?"

"बारीक करते, ओपा."

"लगेच नको करूस. लोकांना कळायला नको, सांगून करून घेतलं म्हणून." तिने आणखी जवळून पाहिले. "पण पिशव्या माझ्याच आहेत. आणि हकीमला थेट गल्लीत दार दिलंस हे बरं केलंस. आकांच्या इमारतीत त्याला सुपरमार्केटच्या आत बसवला असता, तर तो तिथं बडबडला असता कोणाशी? दह्याशी?"

या बोलण्याने नबी-तोगा जागे झाले. त्यांनी चष्मा शोधला, कागद हातात घेतला आणि बराच वेळ निरखून म्हणाले, "हा मी."

कोपऱ्यावरच्या चहाखान्याबाहेर बाकावर टोपी घातलेला एक म्हातारा होता.

"तुम्हीच तोगा."

"चहाखाना कोपऱ्यावर का?"

"सकाळचं ऊन तिथंच येतं."

"येतं," तोगा म्हणाले. चहाखाना बारा वर्षांपूर्वी पाडला गेला होता. तिथे आता मोबाइलचे दुकान होते, आणि तेव्हापासून तोगा सकाळी सुनेच्या स्वयंपाकघरात बसून तिला नको त्या गोष्टी सांगत असत. त्यांनी कागद परत दिला नाही. मांडीवर ठेवला.

मावलुदा हिकमतकडे बघत होती. एवढ्या वर्षांत तिने भावाला हरताना पाहिले नव्हते, आणि पाहिल्यावर तिला वाटले होते तेवढा आनंद होईना. शिवाय त्याची इमारत गेली तर कोपराही गेला. तीन धन्यांतला का होईना, तिचा एक तृतीयांश होता.

"मी एक सुचवू?" ती म्हणाली. "खाली शाहिस्ताचे दोन मजले ठेवा. दुकानं, दारं, हकीम, सगळं. त्याच्यावर आकांचे चौदा. बेरीज सोळा."

सगळ्यांना एकदम हलके वाटले. एखादी सूचना कोणालाच पूर्णपणे पटत नसली की घरात तिला शहाणपणाची म्हणतात. हिकमतने मनात बेरीज तपासली. सोळाच होत होती.

"हे छान आहे," ओतबेक म्हणाला. "म्हणजे दोघांचंही राहतं."

शाहिस्ताला डोळ्यांपुढे ती इमारत स्पष्ट दिसली. हा तिच्या पेशाचा शाप होता. चौदा मजल्यांचे ओझे पेलायला खाली खोलीएवढे खांब येणार, ते सातही दुकानांच्या मधोमध उतरणार, अंगणाची विहीर होणार, आणि जूनमध्येसुद्धा तिच्या तळाशी घटकाभरच ऊन पोचणार. वर नाव मात्र तिचेही लागणार. सोळा मजले बांधले असते तर निदान ते तिचे नसते.

"आका," ती म्हणाली, "खांब दुकानांतून येतील."

"येऊ देत की. हकीमच्या गिऱ्हाईकाला टेकायला होतील."

"अंगणात ऊन येणार नाही."

"उन्हाळ्यात ताश्कंदला कोण ऊन मागतं?"

तिला आणखी दोन वाक्ये बोलायची होती. दोन्ही "नाही"ने सुरू होत होती, आणि केलिनने थोरल्या दिरासमोर "नाही"ने वाक्य सुरू करण्याची या घरात पद्धत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. ओतबेक द्राक्षाचे बी पियाल्यात टाकत होता.

ओयींनी हे सगळे पाहिले, आणि अकरा वाजायच्या आत त्यांना भीती वाटली.

त्यांना सोळा नको होते. त्यांना पाचही नको होते. त्यांना हे अंगणाचे घर हवे होते, ज्याचे छप्पर गळत होते, ज्याच्या भिंतीला ओल होती आणि ज्याचा संडास जानेवारीत गोठत असे. पण तीन शेजारी सही करून बसले होते, त्यातल्या एकाकडे एका खोलीत सात माणसे झोपत होती, आणि त्यांना अडवणारी म्हातारी म्हणून मोहल्ल्यात आपले नाव व्हावे अशी ओयींची इच्छा नव्हती. म्हणून त्या कधी "नाही" म्हणाल्या नाहीत. पोरे भांडत राहिली असती तर त्यांना म्हणावे लागलेच नसते. उद्या दुपार उलटली असती, मुदत संपली असती, आणि निदान दोन वर्षे कोणी विटेचे नाव काढले नसते. त्यांनी दोन्ही नकाशांना सारखीच नावे ठेवली होती, माप धरून. आणि आता ही गणिताची मास्तरीण समेट घडवून बसली होती.

भावाला त्यांनी सकाळीच कढईजवळ गाठून सांगून ठेवले होते: मी खूण केली की दुवा करून बैठक उठवा. दुवेचे हात तोंडावरून फिरले की दस्तरखान उठतो. त्यानंतर कोणी विषय काढत नाही.

ओयींनी पाव उचलून रुमालात गुंडाळला. हीच खूण होती.

नबी-तोगांनी घड्याळाकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले आणि दोन्ही तळवे छातीसमोर उघडले.

हे झाल्यावर काय करायचे ते या शहरात तीन वर्षांच्या पोरालाही शिकवावे लागत नाही. हिकमतचे वाक्य अर्ध्यात तुटले आणि त्याचे हात वर आले. मावलुदाचे, ओतबेकचे, शाहिस्ताचे, ओयींचे. बारा तळवे द्राक्षाच्या मांडवाखाली आकाशाकडे उघडले.

तोगा आज्ञाधारक भाऊ होते. पण नुसती दुवा करून उठायचे म्हणजे काय, हे त्यांना कळेना. दुवेला काहीतरी विषय लागतो. सोळा मजल्यांच्या वेळी ते झोपले होते. समेटाच्या वेळी ते कागदातल्या बाकावर बसलेले होते. त्यांच्या मांडीवर एकच इमारत होती.

"सईदवलीला जन्नत मिळो," ते म्हणाले. "त्याच्या लेकरांत एकी राहो. आणि त्यांनी हे जे ठरवलंय, हे पाच मजले, ही सात दुकानं, हा कोपऱ्यावरचा चहाखाना, ते सुखरूप उभं राहो. कोणाचा हात न मोडता, कोणाचं मन न मोडता. इथं राहायला येतील त्यांच्या दस्तरखानावर बरकत असो. आमीन."

"आमीन," सगळे म्हणाले. बारा तळवे सहा चेहऱ्यांवरून खाली उतरले.

हिकमतने हात खाली ठेवले आणि तो मामांकडे वळला.

"तोगा," तो म्हणाला, "ते सोळा ठरत होते."

"कुठे?"

"इथं. आत्ता. तुमच्यासमोर."

"माझ्यासमोर हे आहे." तोगांनी कागदावर बोट ठेवले.

"तुम्ही झोपला होतात."

"ब्याऐंशीव्या वर्षी माणूस झोपतो. म्हणून दुवा खोटी होते का? ज्याला ऐकायची होती त्यानं ऐकली."

"मग दुसरी करा ना. दुरुस्तीची."

तोगांनी भाच्याकडे असे पाहिले की हिकमतने नजर खाली केली. "तुझ्या लग्नाची दुवाही मीच केली होती," तोगा म्हणाले. "तीपण दुरुस्त करू? आत्ता तोंड उघडलंच आहे तर." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. ओतबेकने त्यांना जोडे दिले. जाताना ते बहिणीच्या कानाशी वाकले आणि समाधानाने म्हणाले, "उठवली ना वेळेवर?"

"उठवली," ओयी म्हणाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात त्यांच्या सख्ख्या भावाचे होते.

गाडी गेली. हिकमत तुतीखाली जाऊन उभा राहिला आणि पाच मिनिटे पाटातल्या पाण्याकडे बघत राहिला. मावलुदा त्याच्यासाठी चहा घेऊन गेली. पूर्ण भरलेला, कारण ती केलिन नव्हती.

"आका, चुकलं माझं. मी सोळा वाचवायला गेले होते."

"तू कधी कोणाला वाचवायला जाऊ नकोस." त्याने पियाला घेतला. "मला सांग, दुवा झालेली असताना मी सोळा बांधले, आणि बाराव्या मजल्यावरून कोणी पडलं, तर?"

"तर ओयी म्हणतील, दुवा मोडली म्हणून."

"ओयी नाही. सगळं ताश्कंद म्हणेल. एकही फ्लॅट जाणार नाही." त्याचा फोन वाजला. पडद्यावर व्याह्यांचे नाव होते. वर्षाचा पुलाव नीट पार पडला का, हे विचारायला त्यांनी केला असणार. त्याने तो चार वेळा वाजू दिला, मग घसा साफ केला.

"सलाम, व्याहीबुवा. झालं, छान झालं. हो, इमारतीचंही ठरलं. पाच... नाही, पंधरा नाही, पाच. पाच मजले." तो जरा ऐकत राहिला. मावलुदाने त्याच्या मानेची शीर उभी राहिलेली पाहिली, मग हळूहळू बसलेली. "सोळा काय हो, आता कोणीही बांधतं. लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसं वर अडकतात. आम्ही म्हटलं, आपल्याला आईला डांबून ठेवायचं नाही. तुमच्या तिकडे लिफ्टचं कसं असतं? अच्छा. तरीपण काळजी घ्या."

त्याने फोन खिशात ठेवला. चेहऱ्यावर किंचित तरतरी आली होती. "पाचव्या मजल्यावरून हाक कळते म्हणाली ना ती?" त्याने विचारले. "हे जाहिरातीत घालता येईल."

मग तो दस्तरखानाशी आला, उभ्यानेच संमतीच्या कागदावरची मजल्यांची रिकामी जागा भरली, आकड्यात आणि अक्षरात, आणि कागद आईपुढे ठेवला. "संध्याकाळी न्यायला येतो," एवढेच म्हणाला. मावलुदा त्याच्या गाडीतून गेली. कोपऱ्याचा विषय कोणी काढला नाही, कारण पाच मजल्यांवरून डोंगर कुठूनच दिसत नव्हते. ओतबेक कढया परत करायला मोहल्ल्याच्या कोठीवर गेला.

ओयी आणि शाहिस्ता उरल्या. एक सही करायची होती आणि एक कागद गुंडाळायचा होता, आणि दोघींपैकी कोणी हात लावत नव्हते.

"ओयी," शाहिस्ता म्हणाली, "मार्चमध्ये भांडी घासताना तुम्ही मला म्हणालात, तूही एक नकाशा काढ. मला वाटलं, तुम्हाला माझं काम बघायचंय."

ओयींनी दस्तरखानावरचे चुरे तळहातावर गोळा केले.

"एकच नकाशा असता तर सही करावी लागली असती," त्या म्हणाल्या.

शाहिस्ताने मान डोलावली. सात महिने ती रात्रीचा स्वयंपाक उरकून तो कागद काढत आली होती. जिने, पाट, हकीमचा टॉवेल. ज्या एका माणसाने तो मागितला होता, त्याला तो फक्त दुसऱ्या कागदाच्या वाटेत आडवा घालायला हवा होता. आणि तोच बांधला जाणार होता. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, हेच तिला अवघड वाटले.

"तू चांगला काढशील असं वाटलं नव्हतं," ओयी म्हणाल्या. "नाहीतर सांगितलंच नसतं." त्यांनी चुरे चिमण्यांकडे टाकले, चष्मा लावला आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो नकाशा दोष काढायला नाही, तर वाचायला जवळ ओढला. बराच वेळ त्यांचे बोट दुकानांवरून, वाटेवरून, अंगणातून फिरत राहिले.

"माझं दार कुठलं?"

"हे. तळमजल्यावर, न्हाव्याच्या पलीकडे. एक गल्लीत, एक अंगणात."

"उंबरा दिसत नाही."

"मुद्दाम ठेवला नाही. तुमचे गुडघे दुखतात म्हणून. सगळं एका पातळीत आहे."

"गुडघे माझे आहेत. उंबरा घराचा असतो." ओयींनी पेन उचलले, पण सही केली नाही. "त्याच्याशिवाय, आपण आत आलो हे माणसाला कळणार कसं? लोक कारकुनासारखे सरळ चालत येतील."

शाहिस्ताने पेन्सिल घेतली आणि दाराच्या दोन रेघांमध्ये एक आडवी रेघ ओढली.

ओयी वाकून बघत होत्या.

"एवढीशी?" त्या म्हणाल्या. "जाड काढ. हिकमतला ठेच लागली पाहिजे."

शाहिस्ताने रेघ जाड केली. मग ओयींनी सही केली.